हळदीच्या पिंजऱ्यात मिरची

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, डोळे मिटून बसते ना, तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथंही मी एवढं एक बाजूला सारते आणि बाकीचं सगळं भडाभडा सांगून मोकळी होते. तुम्ही मला ओळखत नाही. मध्येच हात धरून "अगं, जाऊ दे, होतं असं" म्हणणार नाही. म्हणून तुम्हाला.

आणि एक आधीच सांगून ठेवते. सांगता सांगता माझा आवाज चढेल. रडका सूर लागेल म्हणून वाट बघत असाल तर तो लागणार नाही. हे सगळं आठवायला लागलं की आजही माझ्या अंगात काहीतरी सळसळतं, कानशिलं गरम होतात — आणि ते दुःख नव्हे. ते काय आहे, तेच तर सांगायचंय. पण थांबा, एकदम नाही जमणार. आधी घर सांगते.

आम्ही कोल्हापूरचे, राजारामपुरीतले. घर जैनाचं. खाली रंगाचं दुकान — ते माझे मालक आणि थोरले भाऊजी बघतात — आणि वर आम्ही. सासरे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. थोरली जाऊ सुमतीअक्का. आणि मी. दिवेलागणीच्या आत जेवणं, पाणी गाळून, चातुर्मासात कांदा-बटाटा बंद. पिठात किडा निघाला तर त्याला कागदावर घ्यायचं, जिना उतरायचा आणि खाली झाडाच्या बुंध्याशी सोडून यायचं. ते काम कुणाचं? माझं! "राजूला द्या, तिचा हात हलका हाय," असं अक्का म्हणायच्या. मी राजश्री, पण घरात राजू. सगळ्या पाहुण्यांत माझी ख्याती अशी की ही बाई मुंगीला बघून पाय उचलून टाकते. खरंही होतं ते. मी खरंच उचलायची पाय!

आणि शांत घर. आमच्या गल्लीत लोक साधी वेळ विचारली तरी भांडल्यासारखं सांगतात, पण आमच्या घरात कधी कुणाचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. अक्कांचं माहेर निपाणीकडचं. फारच झालं तर त्या "अय्यो" म्हणायच्या, तेही हळू. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्हा दोघींत एक शब्द इकडचा तिकडं झालेला नव्हता. लोक उदाहरण द्यायचे आमचं.

अक्कांचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला, माझी लेक शिकायला हॉस्टेलवर गेली, आणि घर अजूनच गप्प झालं. मग एका दुपारी अक्का बाजारातून आल्या त्या हातात पिंजरा घेऊन. त्यात ते दोन छोटे पोपट — लव्ह बर्ड म्हणतात आपल्याकडं. एक निळा नर, एक पिवळीधमक मादी. काय सांगू तुम्हाला ती दुपार! अख्ख्या घराला तोंड फुटलं. अण्णांनी आधी कपाळाला हात लावला.

"मुक्या जिवाला कोंडून ठिवायचं आन् वर बस्तीत जायचं. काय अर्थ हाय काय ह्याला?"

आणि तिसऱ्या का चौथ्या दिवशी बघते तर अण्णाच गॅलरीत स्टूल टाकून बसलेत आणि राळ्याचा एकेक दाणा जाळीतून आत सरकवतायत! पिवळीचं नाव हळदी. ते अक्कांनी ठेवलं. निळ्याला सगळे निळ्याच म्हणायचे. चोच घासायला दुकानदारानं समुद्रफेस दिला होता, अण्णांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, हे तर हाड आहे. झालं! तो परत गेला आणि त्याच्या जागी मी कॅल्शियमची वडी शोधून आणली. हळदी अक्कांच्या बोटावर यायची. पदरात शिरून बसायची. अक्का भाजी निवडत असल्या की मेथीचं एक पान तिच्या चोचीत, दुसरं ताटात. त्या बाईला मी इतकं हसताना आधी कधी बघितलं नव्हतं.

मला हेवा वाटला का? तुम्ही विचाराल म्हणून मीच स्वतःला खूप वेळा विचारलंय. नाही वाटला. वाटला असता तर हे सांगणं सोपं झालं असतं.

मला फक्त अजून एक पक्षी हवासा वाटला. म्हणून मी लक्ष्मीपुरीत गेले. दुकानात पन्नास पक्षी किलबिलत होते आणि एक हिरवी, अगदी कोवळ्या मिरचीसारखी, जाळीला उलटी लटकून बाकीच्यांना चोचीनं ढकलत होती. मला तीच पाहिजे होती! नावही तिथंच ठेवलं, मिरची. दुकानदारानं तिला मुठीत धरून मला दाखवलं.

"ताई, ही मादी हाय. ह्ये बघा, नाकावर तपकिरी. घरात हायत का आधी?"

"एक जोडी आहे."

"मग हिला येगळा पिंजरा घ्या. एका पिंजऱ्यात दोन माद्या आन् वर अंडी घालायचं मडकं लावलं, तर ह्या नुसत्या भांडत न्हाईत. जीव घेत्यात."

ऐकलंत ना? मीही ऐकलं. नीट, उभं राहून, मान हलवून ऐकलं. आणि पिंजरा घेतला नाही. गॅलरीत जागा कुठं होती? रिक्षात ते धूड कोण धरणार? घरी आल्यावर अक्कांनी काळजीनं विचारलं, "राहतील न्हवं गं ह्या एकात?" आणि मी चप्पल काढता काढता म्हणाले, "राहतात की. दुकानदारच म्हणाला."

एवढं खोटं तर कुणीही बोलतं — नाही का? मीही पुष्कळ दिवस असंच म्हणत होते.

पहिलं भांडण झालं ते वाटीवरून. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आधी नुसतं चर्र-चर्र ऐकू आलं, मग जाळी थरथरली. वळून बघते तर दोघी समोरासमोर — माना ताठ, पिसं अंगाला चापून बसवलेली, चोचीत चोच अडकलेली! मिरचीनं एकदम खाली झडप घालून हळदीचा पाय धरला. हळदी ओरडली. पंखांची नुसती चक्री, पिवळं पीस वर उडालं, राळं फरशीभर सांडलं — आणि माझ्या हातात ओली चादर तशीच. पाणी माझ्या पायांवर ठिबकतंय आणि मी हलत नाही.

मी घाबरले म्हणून हलत नव्हते का? तेच वाटलं मला त्या वेळी. छाती धडधडत होती, तोंड कोरडं पडलं होतं, घाबरल्यावर होतं तसंच सगळं होतं. तेवढ्यात अक्का धावत आल्या. "अय्यो! राजू, बघायलीस काय? भांडायल्यात की ह्या!" त्यांनी टाळ्या वाजवल्या, पिंजऱ्यावर टॉवेल टाकला, दोघी गप्प झाल्या. आणि त्या टॉवेलचा मला राग आला. कळतंय का तुम्हाला? मला वाटलं — अजून थोडं थांबायचं होतं की! कोण जिंकलं ते कळलंच नाही!

त्या संध्याकाळी मी मोबाईलवर सगळं शोधून काढलं. माझ्याइतकं मन लावून कुणी केलं नसेल. खायच्या वाट्या दोन, आणि एकमेकींपासून लांब. पाणी दोन ठिकाणी. बसायच्या काठ्या वाढवायच्या. एकीनं दुसरीला कोपऱ्यात कोंडू नये म्हणून पिंजरा आडवा, लांब घ्यायचा. मडकं तर लावायचंच नाही. मोठा पिंजरा आला, वाट्या दोन झाल्या, आणि भांडणं थांबली. अक्कांनी शेजारणींना सांगितलं, "आमच्या राजूनं मिटीवलं बघा भांडण."

मग मला कंटाळा यायला लागला.

इथं आले मी. हे वाक्य बोलायला किती वळसे घेतले बघा! दुपारी अण्णा झोपलेले, अक्का शेजारी लोणच्याच्या फोडी करायला गेलेल्या, आणि मी गॅलरीत जाऊन पिंजऱ्यातली एक वाटी काढून घेतली. का? बघू तर खरं, एवढंच मनात होतं. आणि बाजूला उभी राहिले. थोड्याच वेळात दोघी एका वाटीवर आल्या — आणि सुरू! माझ्या सगळ्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं. हसू नका, पण मी पदर कमरेला खोचला होता. मिरची पुढं सरकली की मी पुढं सरकायची. हळदीनं एकदा तिला असं उलटं हाणलं की मिरची काठीवरून खाली पडली, आणि माझ्या तोंडून निघालं — "ऊठ! मिरचे, सोडू नको तिला!"

तो माझा आवाज होता. जाडा, मोठा, तालमीच्या कट्ट्यावरच्या माणसासारखा. मी स्वतःच दचकले. इतकी वर्षं तो आवाज माझ्या आत कुठं होता?

मग वाटी परत ठेवली, राळं झाडून घेतलं, आणि अक्का आल्यावर आम्ही दोघींनी चहा घेतला. मी भरभरून बोलत होते, हसत होते. अक्का म्हणाल्या, "आज लई खुशीत हाईस गं." होतेच मी खुशीत! त्यानंतर किती वेळा केलं? मोजलं नाही. घर रिकामं झालं की मला समजायचं, आता. सकाळपासून मी वाट बघायची. स्वयंपाक करताना हात भराभर चालायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, राजश्री अलीकडं किती टवटवीत दिसते.

हळदीच्या पायाचं एक बोट सुजलं. अक्का त्याला हळदीचं पाणी लावत बसायच्या आणि म्हणायच्या, कुठं अडकलं असंल गं तिचं बोट?

मी म्हणायची, जाळीत अडकलं असेल.

पण अक्का काही भोळ्या नव्हत्या. मिरची दांडगी आहे हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांना पिल्लं हवी होती, निळ्या आणि हळदी एकमेकांना भरवायला लागले होते, आणि मडकं तर लावायचं होतं. म्हणून त्यांनी मला न विचारता शेजारच्या बाईंकडून एक लहान पिंजरा आणला आणि मिरचीला त्यात ठेवलं. बघा — जे मला दुकानात सांगितलं होतं आणि मी दाबून ठेवलं, ते अक्कांनी नुसतं बघून केलं. मोठ्या पिंजऱ्यात मडकं टांगलं. हळदी आत शिरली, आणि थोड्या दिवसांनी मडक्यात पहिलं अंडं!

तो काय गोंधळ उडाला घरात! अण्णांनी बॅटरी लावून मडक्यात डोकावून बघितलं आणि पोट धरून हसले. "जल्मात ह्या घरात अंडं आलं न्हवतं. आलं बाबा, शेवटी आलं!" अक्कांनी पुण्याला मुलाला व्हिडिओ लावला. रोज एकेक नवीन. पाच झाली. हळदी बाहेर येईना, निळ्या तिला दारात येऊन भरवायचा. मीही आनंदात होते, खोटं नाही बोलत, मीही बोटांवर दिवस मोजत होते पिल्लं कधी फुटतात म्हणून. एकाच माणसात दोन्ही असतं का हो? माझ्यात होतं.

मिरची मात्र त्या लहान पिंजऱ्यात दिवसभर जाळी चावायची. मडक्याकडं तोंड करून बसायची. आणि मी तिच्याकडं बघत बसायची. गॅलरीत गेलं की आम्हा दोघींची नजरानजर व्हायची, असं मला वाटायचं.

भाद्रपद लागला. दशलक्षण पर्व, आमचे सगळ्यात मोठे दिवस. अक्कांचे उपवास कडक. घर दुपारी बस्तीत जायचं, प्रवचनाला. मी डोकं दुखतंय म्हणून एके दिवशी मागं राहिले. डोकं दुखत नव्हतं. दार लावलं आणि गॅलरीत आले, तेव्हा पदर आधीच कमरेला खोचला होता — आनंदानं! ते मान्य करते. नुसतं एकदा, थोडंसं, लगेच बाहेर काढेन, असं मी मोठ्यानं म्हणाले. कुणाला म्हणाले?

नॅपकिननं मिरचीला धरलं. तिनं माझ्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला, रक्त आलं, आणि ते मला आवडलं. मोठ्या पिंजऱ्याचं दार वर सरकवलं आणि तिला आत सोडलं.

मला वाटलं होतं, वाटीवर जाईल. काठीवर बसेल, हळदी बाहेर येईल, मग दोघी समोरासमोर. ती कुठंही गेली नाही. सरळ मडक्यात शिरली.

आणि मला काही दिसेना! तुम्ही समजून घ्या — मडकं मातीचं, तोंड एवढंसं. बाहेर निळ्या वेड्यासारखा या जाळीवरून त्या जाळीवर आपटतोय. आतून नुसता आवाज. धपधप, चर्र, मग एक बारीक ओरडणं, लांबलचक. मडकं तारेवर गोल फिरायला लागलं. माझा हात दारावरच होता. हात आत घातला असता, मडकं उचललं असतं, टाळी वाजवली असती, टॉवेल टाकला असता — टॉवेल तर खांद्यावर होता माझ्या. मी काय केलं? मी खाली वाकले. मडक्याच्या तोंडातून काही दिसतंय का, ते बघायला.

मग आवाज थांबला. मिरची बाहेर आली आणि मडक्याच्या काठावर बसली. छातीवर पिवळी पिसं चिकटलेली, चोच ओली. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? जिंकली. हेच आलं. दुसरं सगळं त्याच्यानंतर.

हळदी मेली होती. डोक्यावर मागून मारलं होतं. अंडी फुटलेली, एकात पिल्लू जवळजवळ पुरं झालेलं.

मी मिरचीला परत लहान पिंजऱ्यात ठेवायला निघाले, आणि थांबले. डोकं किती स्वच्छ चालत होतं माझं! रोज सकाळी अक्का लहान पिंजरा धुवायला काढायच्या, तेव्हा तेवढ्यापुरती मिरचीला मोठ्या पिंजऱ्यात सोडायच्या आणि मडक्याच्या तोंडावर स्वतःचा हात धरून उभ्या राहायच्या, भाऊजी नळाखाली पिंजरा धुऊन देईपर्यंत. त्या सकाळीही केलं होतं. मी मिरचीला होती तिथंच राहू दिलं. लहान पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं. अंगठ्याला पट्टी बांधली, विळी लागली म्हणून. आणि आत जाऊन डोक्यावर पांघरूण घेऊन झोपले.

अक्कांची "अय्यो" ऐकून उठले. त्या एकदाच म्हणाल्या. गॅलरीत खाली बसल्या होत्या, ओंजळीत हळदी. अण्णा, भाऊजी, माझे मालक, सगळे भोवती. अक्का उघड्या दाराकडं बघत होत्या, मग स्वतःच्या हातांकडं.

"सकाळी मी घातली हिला ह्यात. काढली न्हाई काय गं मी? काढली हुती की. न्हाई काढली काय? राजू, तू बघितलंस काय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. इथं तरी, इथं तरी काही बोलायचं की नाही माणसानं? मी काहीच बोलले नसते तरी ते पाप निम्मं राहिलं असतं. पण मी त्यांच्या शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला आणि मायेनं म्हणाले —

"होतं अक्का असं. उपवासात डोकं ठिकाणावर राहत नाही."

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला त्यांनी. माझ्यावर. आणि मग, माझ्यामुळं, स्वतःच्या डोक्यावर उरला नाही त्यांचा विश्वास.

पर्वाच्या दिवसांत आपल्या हातून जीव गेला, गरोदर बाईसारखा अंड्यावर बसलेला जीव गेला — अक्कांनी ते फार लावून घेतलं. क्षमावाणीला आमच्यात सगळे एकमेकांची क्षमा मागतात. लहान मोठ्यांची, मोठे लहानांची. वर्षभरात कळत-नकळत झालेलं सगळं. अक्का माझ्यासमोर आल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "उत्तम क्षमा गं, राजू. तू आणलेल्या पाखराला बी मी पापात पाडलं." मीही हात जोडले. मीही म्हणाले, उत्तम क्षमा. अगदी स्पष्ट उच्चारात. सगळी बस्ती फुलांनी भरलेली, मुलं इकडून तिकडं पळतायत, लाडूंचा वास, आणि अक्का माझ्या उत्तराची वाट बघतायत. मी म्हणाले, "अहो, तुमचं काय चुकलं त्यात?" लोकांना किती छान वाटलं ते.

उरलेले दोघे पक्षी आम्ही कबनूरला दिले, माझ्या मालकांच्या ओळखीच्या एका यंत्रमागवाल्याकडं. त्यानं माडीवर खोलीभर जाळी मारून पक्षी पाळले होते. ढिगानं मडकी लावलेली, शंभरेक पक्षी, आणि खालून यंत्रमागांचा खडखडाट. मी आणि मालक सोडायला गेलो. ते हिशेबाचं, पाऊसपाण्याचं बोलत होते आणि मी जाळीला नाक लावून उभी. काय शोधत होते? मिरची सुखात राहील का, ते? नाही हो. कुठं भांडण लागतंय का, ते बघत होते. इतकं सगळं झाल्यावर. कुठंच लागलं नव्हतं, आणि गाडीत बसताना मला हिरमुसल्यासारखं झालं.

आता शेवटचं.

गेल्या वर्षी अक्का आजी झाल्या! नातू! पुण्याहून बाळाला घेऊन मुलगा-सून आले तेव्हा दुकान बंद ठेवून सगळे दारात उभे होते. अण्णांनी नवा सदरा घातला होता. बाळ कसलं गुटगुटीत, डोळे टकामका, येईल त्याच्याकडं झेप घेणारं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी तापवलं, तेल कोमट केलं, पाट मांडला. या घरातली पहिली अंघोळ आजीनं घालायची — पायांवर आडवं घेऊन, आमच्याकडं सगळ्या आज्या घालतात तशी. सुनेनं बाळ अक्कांपुढं धरलं.

अक्कांनी हात मागं घेतले.

"राजू, तू घे गं. माझ्याजवळ नगो. माझं ध्यान कवा कुठं जाईल, सांगता येत न्हाई."

हसत म्हणाल्या, पण घेतलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. लांबून गाणी म्हणायच्या, टाळ्या वाजवायच्या, खुळखुळा हलवायच्या. खोलीत एकट्या असल्या आणि बाळ पलंगावर असलं, तर कुणाला तरी हाक मारून बोलवायच्या. गॅसवर दूध ठेवलं की तिथंच उभ्या राहायच्या, एक पाऊल हलायच्या नाहीत, हे मी आधीपासून बघत होते. दोनदा कडी लावून तिसऱ्यांदा बघायच्या, तेही. पण नातवाला हात लावणार नाहीत, असं मला वाटलं नव्हतं.

सून चांगली पोरगी आहे. तिनं दोन-तीन दिवस बघितलं, आणि मी बाळाचे कपडे वाळत घालत होते तिथं आली. डोळे भरलेले होते तिचे. "काकू, आईंना बाळ आवडलं नाही का? मी काही चुकले का?"

माझ्या हातात ओलं दुपटं. समोर ती. सांगायचं होतं, तर ती जागा होती, तो क्षण होता, एवढी जवळची माणसं होती. एका वाक्यात सुटलं असतं सगळं — अक्कांचे हात, या पोरीचं मन. मी काय म्हणाले? "नाही गं, वेडी का तू. त्यांचा स्वभावच तसा आहे, पहिल्यापासून."

पहिल्यापासून! ज्या बाईनं पाखराला पदरात वाढवलं, तिचा.

अंघोळ मीच घालते. बाळ येतं तेव्हा रोज. आणि मला फार आवडतं ते! तेलानं ते माशासारखं सुळसुळतं, पाणी ओतलं की श्वास रोखून डोळे मोठे करतं आणि मग सगळ्या न्हाणीघराला ऐकू जाईल असं खिदळतं. लाथा मारून मला चिंब करतं. मीही ओरडते त्याच्याबरोबर, मोठ्यानं. अक्का दारात उभ्या असतात, दोन्ही हात पाठीमागं धरून, आणि बघून बघून हसतात. "सावकाश गं," म्हणतात.

पुढच्या महिन्यात ते परत येणार आहेत. बाळ आता उभं राहतं म्हणे, धरून. मी नवीन बादली आणून ठेवलीय. पाणी मीच काढणार आहे.